चार कड्यांचं दार, एक धक्का: आपत्कालीन दारांवरच्या मल्टिपॉइंट लॉकबद्दल

मोठ्या आगीच्या बातमीत एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं: ‘बाहेर पडायचं दार बंद होतं.’ वाचताना डोळ्यांपुढे येतं ते भलंमोठं कुलूप आणि न सापडलेली किल्ली. पुष्कळदा तसं असतंही. पण काही वेळा दाराला कुलूप घातलेलं नसतं, आतून उघडायची सोय असते, दाराशी माणूस उभा असतो, आणि तरी दार उघडत नाही. हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या दाराबद्दल आहे.

३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला आग लागली. थिएटर नवंकोरं होतं, उघडून दोन महिनेही झाले नव्हते. किमान ६०२ माणसं गेली. काही दारांना कुलपं होती. काहींवर मात्र ‘बास्क्यूल’ नावाचं लॉक होतं: छोटा खटका फिरवला की दारावरच्या दांड्या हलतात आणि वरचा-खालचा बोल्ट एकदम सुटतो. माहीत असलेल्याला हे क्षणाचं काम. प्रेक्षकांतल्या बहुतेकांनी मात्र तसला खटका कधी पाहिलाच नव्हता. एक दार उघडलं, कारण तिथे पोहोचलेल्या एका माणसाच्या स्वतःच्या घरी तसलंच लॉक होतं.

आज मोठ्या इमारतींच्या बाहेरच्या दारांवर जे मल्टिपॉइंट लॉक बसवतात, ते याच बास्क्यूलच्या घराण्यातलं आहे. म्हणून ते निवडताना इरोक्वॉयची ती दारं डोळ्यांपुढे ठेवावीत, असं मला वाटतं.

हात एक, कड्या चार

जुनं लाकडी दार आठवा. वर एक कडी, खाली एक कडी, मध्ये अडसर. वाऱ्यापावसाच्या रात्री तिन्ही लावल्या की दार चौकटीला घट्ट बसायचं. नुसती मधली लावली तर वरचा कोपरा रात्रभर आपटत राहायचा. सकाळी मात्र एकेक कडी काढत बसावं लागे.

आता या सगळ्या कड्या दाराच्या कडेत लपवलेल्या एका लांब पट्टीला जोडल्या आहेत असं समजा. मधलं हँडल दाबलं की पट्टी सरकते आणि सगळ्या कड्या एका वेळी मागे येतात. हेच मल्टिपॉइंट लॉक. हँडलचं फिरणं पट्टीच्या सरकण्यात बदलणारी मधली डबी म्हणजे गिअरबॉक्स. कड्यांचे आकार वेगवेगळे असतात: चौकटीत घुसणारे सरळ बोल्ट, आकड्यासारखे वळलेले हुक, दार ओढून घेणारे रोलर, वर आणि जमिनीत शिरणारे लांब दांडे. चौकटीत त्या प्रत्येकासाठी एक खाच असते. अशा कड्या एका दाराला बहुधा तीन ते पाच.

एवढं कळलं की एक साधी गोष्ट लक्षात येते. बंद होताना प्रत्येक कडी दाराला बळ देते. उघडताना त्याच प्रत्येक कडीला आपापल्या खाचेतून सुटावं लागतं. चार सुटल्या आणि पाचवी अडली, तर दार बंदच.

मग एवढ्या कड्या हव्यात कशाला?

काही दारांना खरोखर हव्या असतात. उंच धातूचं दार एकाच ठिकाणी अडकवलं तर वारा त्याचे कोपरे बाहेर ढकलतो आणि फटीतून पाणी आत येतं. लाकूड दमट हवेत पिळतं. बाहेरून पहारीने दार उचकटायचा प्रयत्न झाला तर एका बोल्टवर येणारा भार पाच ठिकाणी वाटला जातो. काही अग्निरोधक दारांत जादा कड्या मुद्दाम दिलेल्या असतात, कारण एका बाजूने तापलेलं दार वाकतं आणि त्याचा कोपरा चौकटीबाहेर निघाला की धूर मोकळा सुटतो. (अशा दाराला नंतर आपल्या मनाने लॉक जोडू नये. अग्निचाचणी दार, चौकट आणि लॉक यांची मिळून झालेली असते. नवी खाच कोरली की ती चाचणी त्या दाराला लागू राहत नाही.)

इमारतीच्या आतलं, जिन्याकडे जाणारं, साध्या उंचीचं दार असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: एका लॅचवर भागत असेल तर एकच लावा. जी कडी नाही, ती अडकत नाही.

दाबलेल्या दाराची कडी

दाराला कुणी पाठ लावून उभं असेल तर कडी सरकत नाही, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. आधी दार थोडं मागे घ्यावं लागतं, मग कडी निघते. बोल्ट खाचेच्या कडेवर दाबला जातो आणि घर्षण वाढतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

आता धुराने भरलेला हॉल नजरेसमोर आणा. पुढचा माणूस दारापाशी पोहोचलाय, मागून दहा जण रेटताहेत. दार ‘थोडं मागे’ घेणं अशक्य आहे. पाच कड्या पाच खाचांवर दाबल्या गेल्या आहेत, आणि पुढच्या माणसाला दारावरच्या, छातीशी असलेल्या आडव्या दांड्यावर (तो दाबला की कड्या सुटतात) जेवढा जोर लावता येईल तेवढ्यातच सगळ्या सुटायला हव्यात.

ही कल्पना चाचणीत आणणारं युरोपीय मानक आहे ‘ईएन ११२५’. त्यानुसार दारावर भार नसताना दांडा जास्तीत जास्त ८० न्यूटन बळाने दबला पाहिजे, म्हणजे साधारण ८ किलो वजनाएवढ्या जोराने. पुढची अट महत्त्वाची: दारावर १००० न्यूटनचा, म्हणजे सुमारे १०० किलोचा दाब असतानाही ते २२० न्यूटनच्या आत सुटलं पाहिजे. दुकानात हातात घेऊन ‘मऊ चालतंय’ असं वाटणारं लॉक या दुसऱ्या परीक्षेत नापास होऊ शकतं. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा तो भाराखालच्या चाचणीचा.

दाराशी कोण येणार?

निवडीची सुरुवात लॉकपासून करायची नसते. त्या दारातून कोण बाहेर पडणार, इथून ती करायची.

रोज तिथेच काम करणारी, दार ठाऊक असलेली थोडी माणसं असतील, तर घाबरून रेटारेटी होण्याची शक्यता कमी धरली जाते. तिथे हँडल किंवा दाबायची पट्टी चालते. त्यासाठी ‘ईएन १७९’ हे वेगळं मानक आहे. त्यात हँडलला ७० न्यूटन आणि दाबपट्टीला १५० न्यूटन ही कमाल मर्यादा आहे. पण सभागृह, शाळा, रुग्णालय, मोठं दुकान अशा ठिकाणी येणाऱ्याने ते दार आधी पाहिलेलंच नसतं. तिथे दारावर आडवा दांडा हवा, ज्याला पॅनिक बार म्हणतात. अंधारात, हात वर उचलता येत नसतानाही अंग टेकलं की तो दबतो. अमेरिकेत सभागृहांसारख्या जागांना तो कधी सक्तीचा, याचे आकडे इमारत-सुरक्षेच्या नियमसंहितेगणिक बदलतात: एका प्रमुख संहितेत ५० माणसांपासून, दुसरीत १०० पासून. त्या संहितांच्या मुळाशी असलेलं सूत्र मात्र एकच आहे, आणि ते मला फार आवडतं: चावी नको, खास माहिती नको, खास जोर नको.

हा दांडा सहज सुचलेला नाही. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये खेळ संपल्यावर खेळणी घ्यायला मुलं जिन्याने खाली धावली. खालचं दार आत उघडणारं होतं आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून बोल्टने अडकवलेलं होतं. १८३ मुलं चेंगरून गेली. तिथे आग नव्हती, धूर नव्हता; होता फक्त एक बोल्ट. या घटनेनंतर रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी ढकलून सुटणारा बोल्ट बनवला आणि १८९२ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे इरोक्वॉयच्या खेळाला जायचं असूनही जाऊ न शकलेले कार्ल प्रिन्झलर यांनी, जे स्वतः दाराचं सामान विकत, हेन्री ड्युपाँ या वास्तुरचनाकाराला सोबत घेऊन अमेरिकेत पॅनिक बार आणला. प्रिन्झलर ज्या कंपनीत काम करत, ती तो १९०८ पासून विकू लागली.

‘मल्टिपॉइंट’ या एका शब्दावर खरेदी करू नका

घरांच्या दारांवर जे मल्टिपॉइंट लॉक दिसतं, त्यात हँडल वर उचलून कड्या लावायच्या आणि मग किल्ली फिरवायची. किल्ली फिरवली की आतलं हँडलही मुकं. आपत्कालीन दाराला हे मुळीच चालत नाही. दिसायला मात्र दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्या दिसतात, आणि चूक होते ती इथेच.

आपल्याला हवं ते आपोआप लागणारं लॉक. दार चौकटीला टेकलं की एक छोटा खटका दबतो आणि स्प्रिंगच्या जोराने सगळ्या कड्या बाहेर येतात. कुणी काही लावायचं नाही, म्हणून कुणी विसरायचंही नाही. बाहेरून दार नेहमी बंद, आतून एका हालचालीत नेहमी उघडं. यासाठी हँडलचा चौकोनी दांडा ज्या भोकातून जातो, तो भाग दोन अर्ध्यांत विभागलेला असतो. बाहेरचं अर्धं निष्क्रिय असलं तरी आतलं अर्धं कायम कड्यांना जोडलेलं राहतं.

किल्लीच्या सिलिंडरची एक बारीक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. सिलिंडरच्या मध्ये एक छोटी जीभ असते, किल्लीबरोबर फिरणारी. काही पॅनिक लॉकमध्ये किल्ली अर्धवट फिरवून तशीच सोडली तर ती जीभ आतल्या यंत्रणेत आडवी येते आणि दांडा दबतच नाही. अशा लॉकला जीभ मोकळी फिरू देणारा खास सिलिंडर लागतो. लॉकच्या माहितीपत्रकात ही अट लिहिलेली असते. सिलिंडर बदलायला येणाऱ्या कारागिराच्या हाती ते पत्रक क्वचितच असतं, म्हणून ते दाराच्या फाइलमध्ये ठेवून त्याला दाखवायला हवं.

तीच गोष्ट सगळ्या सुट्या भागांची. लॉक, हँडल किंवा दांडा, चौकटीतल्या खाचा हे सगळं मिळून तपासलं गेलेलं असतं आणि प्रमाणपत्र त्या जोडीला मिळतं. लॉक एकाचं आणि ‘त्यावर छान दिसतं’ म्हणून हँडल दुसऱ्याचं, असं केलं की हातात प्रमाणपत्राचा कागद उरतो, त्याचा दाराशी संबंध राहत नाही.

दोन कवाडांच्या दारात आणखी सावध राहावं. दुसरं कवाड बहुधा वर-खाली दांड्यांनी अडकवलेलं असतं आणि गर्दी नेमकी त्याच्यावर येऊन आदळू शकते. त्यामुळे कोणत्याही कवाडाचा दांडा दाबला तरी ते कवाड सुटलं पाहिजे, आणि बंद होताना आधी कोणतं मिटावं हे ठरवणारी यंत्रणा वर हवी. नाहीतर कवाडं एकमेकांवर चढतात आणि कड्या हवेत बाहेर येऊन उभ्या राहतात.

‘पण चोर शिरला तर?’

हा प्रश्न विचारणाऱ्याला मूर्खात काढू नये. रात्री त्या मालाची जबाबदारी त्याच्यावर असते. उत्तर असं, की बाहेरची सुरक्षा आणि आतली मोकळीक या दाराच्या दोन वेगळ्या बाजू आहेत. बाहेरच्या बाजूला हँडलच नसलं, नुसता सपाट पत्रा असला, आणि पाच कड्या चौकटीत रुतलेल्या असल्या, तर चोराला पकडायला काही उरत नाही. त्यासाठी आतून साखळी लावायची गरज नाही.

आतूनच कुणी माल घेऊन सटकतं अशी तक्रार असेल, तर दांडा दाबताच वाजणारा भोंगा बसवावा. काही देशांत उशिरा सुटणारी दारंही चालतात: दांडा दाबून धरला की भोंगा वाजतो आणि १५ सेकंदांनी दार सुटतं. मात्र आगीची सूचना वाजली किंवा वीज गेली की ते तत्काळ मोकळं व्हायलाच हवं. स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्यांच्या मान्यतेशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

‘किल्ली काचेच्या डबीत ठेवली आहे की!’

धुरात डबी दिसायला हवी, काच फोडायला हवी, किल्ली खाली पडता कामा नये, ती भोकात जायला हवी, योग्य दिशेला फिरायला हवी. आणि हे सगळं कुणीतरी पाठीवर रेटत असताना. मानकांची अपेक्षा आहे की दार एका सेकंदाच्या आत सुटावं.

विजेच्या लॉकबद्दल थोडक्यात. नुसत्या चुंबकावर धरलेलं दार वीज गेली की सुटतं. विजेवर चालणाऱ्या बोल्टचं तसं नाही. काही वीज गेल्यावर सुटतात, काही अडकून राहतात. कोणताही प्रकार असो, आतला दांडा यंत्राच्या ताकदीने, विजेवर न अवलंबता कड्या ओढत असेल तर चिंता नाही. तो दांडा नुसता विजेचं बटण असेल, तर तारेच्या प्रत्येक जोडाचा हिशेब विचारा.

‘हे दार कुणी वापरतच नाही, मग झिजेल कशाने?’

देखभालीवर मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. रोज शंभरदा उघडणारं दार बिघडलं तर त्याच दिवशी कळतं. वर्षभर न उघडलेलं दार बिघडल्याचं कळतं ते थेट गरजेच्या क्षणी. मधल्या काळात धूळ बसते, वंगण घट्ट होतं, रंगारी कडीवरून ब्रश फिरवतो, आणि सगळ्यात हळू पण सगळ्यात नक्की: दार खाली बसतं.

वजनदार दार बिजागऱ्यांवर दोन-तीन मिलिमीटर उतरलं तरी बघणाऱ्याला दिसत नाही. एका लॅचचं दार ते सहन करतं. पाच कड्यांच्या दारात मात्र पाचही कड्या आपापल्या खाचेच्या खालच्या कडेवर घासू लागतात. बंद करताना दार किंचित उचलावं लागणं, हँडल सोडल्यावर पूर्ण आडवं न होणं, दाबताना करकर येणं ही पहिली लक्षणं. इथे दुरुस्ती बिजागरीची करायची असते. खाच कानशीने मोठी करणं हा नेहमीचा उपाय आहे आणि तो चुकीचा आहे, कारण दार खाली बसायचं थांबत नाही. काही महिन्यांत ते पुन्हा घासू लागतं आणि दरम्यान गिअरबॉक्सचे दाते झिजतात. बंद अवस्थेत गिअरबॉक्स तुटला तर सगळ्या कड्या चौकटीतच राहतात. चोराला थोपवणारी तीच ताकद मग आतल्या माणसाला थोपवते.

जमिनीतली खाच हा स्वतंत्र विषय आहे. झाडू मारताना केर तिथेच जातो, फरशी धुतल्यावर पाणी साचून गंज चढतो, कुणीतरी पायपुसणं टाकतं, नव्या फरशीने जमीन अर्धा बोट वर येते. खालचा दांडा खाचेत साचलेल्या कचऱ्यावर टेकतो आणि अर्धाच शिरतो. स्प्रिंगच्या झाकणाची खाच मिळते, कडी वर गेली की झाकणही वर येतं. शक्य असेल तिथे तीच घ्यावी.

रोलर असलेल्या लॉकमध्ये रोलरची पकड ॲलन कीने कमी-जास्त करता येते. फटीतून वारा येतो म्हणून कुणीतरी ती घट्ट करतं, रबरी पट्टी दबते, वारा थांबतो, सगळे खूश. दांडा दाबायला लागणारं बळ मात्र त्याच दिवशी वाढलेलं असतं. उन्हात तापणाऱ्या गडद रंगाच्या धातूच्या दाराचंही असंच: सकाळी गुण्यागोविंदाने उघडणारं दार भर दुपारी धनुष्यासारखं वाकून मधल्या कड्या आवळतं. म्हणून अशा दाराची तपासणी दुपारी करावी.

ईएन ११२५ मध्ये महिन्याला एक तपासणी सुचवलेली आहे, आणि ती कुणालाही जमण्यासारखी आहे. दांडा दाबून दार खरोखर उघडायचं, नुसतं हलवून बघायचं नाही. खाचांत काही अडकलेलं नाही ना, ते पाहायचं. वंगण कंपनीने सांगितलेलं आणि सांगितलेल्या जागीच द्यायचं. किल्लीच्या सिलिंडरमध्ये तेल घालू नये, धूळ चिकटून त्याचा चिखल होतो. मूळ यादीतले भाग बदललेले नाहीत ना, स्क्रू घट्ट आहेत ना, हे बघायचं. नंतर कुणी जास्तीची कडी, साखळी किंवा कुलूप लावलेलं नाही ना, हेही त्या यादीत आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यात वरती असायला हवं. चांगलं मल्टिपॉइंट लॉक बसवून त्याच्या डोक्यावर साधी कडी ठोकलेली दारं मला वारंवार दिसतात.

आणि बळ मोजायचं. दांड्यावर टेकवून दाबलं की आकडा दाखवणारं छोटं यंत्र मिळतं. दार बसवलं त्या दिवशीचा आकडा वहीत लिहून ठेवायचा आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडायचा. पहिल्या दिवशी ५५ न्यूटन असलेलं दार आज ७४ दाखवत असेल, तर ते मर्यादेत आहे म्हणून पुढे जाऊ नका. काहीतरी घासतंय. कोणती कडी, हे शोधायला खाचेच्या कडेवर खडू लावा आणि दार दोनदा उघडबंद करा; खडू जिथे पुसला जाईल तिथे ती सापडेल. एका सहकाऱ्याला आतून दारावर रेलायला सांगून दांडा दाबून पाहणं हीदेखील चांगली सवय आहे. प्रयोगशाळेतल्या चाचणीची सर तिला नाही, पण अडणारी कडी बहुधा उघडी पडते.

तपासणीत दार उघडलं नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत ते दार नाहीच असं धरून चालावं लागतं. त्यावरची ‘बाहेर’ची पाटी झाका, दुसऱ्या दाराकडे बाण लावा, उरलेल्या दारांतून जेवढी माणसं बाहेर पडू शकतील तेवढ्यांनाच आत घ्या, आणि हे सगळं त्याच दिवशी, कारागीर यायच्या आधी करा.